बारा चाकं, पंधरा लाख किलोमीटर आणि सिरोंचाचा रस्ता

कायद्याप्रमाणे मालवाहू गाडी चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण असावी लागतात. सिरोंचा तालुक्यातल्या एखाद्या पोरानं विसाव्या वर्षी जड वाहनाचं लायसन काढलं आणि महिन्याला पाच हजार किलोमीटर या बेतानं पंचवीस वर्षं गाडी चालवली, तर पंचेचाळिशीत त्याच्या नावावर १५ लाख किलोमीटर जमा होतात. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. म्हणजे हे अंतर चंद्राच्या दोन येण्या-जाण्यांइतकं, किंवा विषुववृत्तावरून पृथ्वीला घातलेल्या ३७ फेऱ्यांइतकं. ट्रकच्या चाकाचा घेर साधारण सव्वातीन मीटर असतो, त्यामुळे किलोमीटरला तीनशेच्या वर फेरे पडतात. या हिशेबानं गाडीचं प्रत्येक चाक पंचवीस वर्षांत ४६ कोटी वेळा फिरतं.

हे आकडे कुणा विक्रमवीराचे नाहीत. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या साध्या ड्रायव्हरचे आहेत. आणि मला यातला सगळ्यात मोठा वाटतो तो आकडा डिझेलचा आहे. बारा चाकी गाडी लिटरला चार किलोमीटर जाते असं धरलं, तर १५ लाख किलोमीटरला ३ लाख ७५ हजार लिटर डिझेल लागतं. वीस-वीस हजार लिटरचे एकोणीस टँकर. लिटरला ९१ रुपये धरले तर ही रक्कम ३ कोटी ४१ लाखांवर जाते. २०१९ पर्यंत या लायसनला आठवी पासची अट होती, ती केंद्र सरकारनं काढली. त्यामुळे शाळा अर्ध्यात सुटलेल्या माडिया, गोंड आणि तेलुगू घरांतल्या कितीतरी पोरांना ही वाट कायद्यानं मोकळी झाली. त्यातलाच एक जण आपल्या उजव्या पायाखालून तीन कोटींहून जास्त रुपये खर्च करतो, आणि त्याला महिन्याला पंधरा-अठरा हजार देणारा मालक त्याच्याशी त्या पायाबद्दल क्वचितच बोलतो.

बोलायला हवं. ॲव्हरेज चारवरून ४.४ वर गेलं तर पंचवीस वर्षांत ३४ हजार लिटर वाचतात, म्हणजे ३१ लाख रुपये. ०.४ हा आकडा काही जादूचा नाही. टायरमधली हवा दर दोन-तीन दिवसांनी बघणं, एअर फिल्टर वेळेवर साफ करणं, चढावर योग्य वेळी गिअर उतरवणं, आणि भराईच्या रांगेत इंजिन बंद ठेवणं. मोठ्या गाडीचं इंजिन नुसतं उभ्यानं चालू राहिलं तरी तासाला दोनेक लिटर पितं. या चार सवयींतून एका कारकिर्दीत जवळजवळ एका नव्या ट्रकचं कर्ज निघतं. या धंद्याचा स्वभावच असा आहे: आकडा पैशांत असतो, मिलिमीटरात असतो, मिनिटांत असतो, आणि तो लाखांनी गुणला जातो. ज्याला हे गुणाकार आधीच दिसतात तो मालक होतो आणि मालक म्हणून टिकतो. सिरोंचासारख्या ठिकाणी मात्र यातले बरेच गुणाकार त्याच्या हातात नसतात, आणि मला खरं बोलायचं आहे ते त्याबद्दल.

आधी देशाचं माप बघू. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात वर्षाला ४६० कोटी टन माल हलतो. टन आणि किलोमीटर गुणले तर २.२ लाख कोटी टन-किलोमीटर, खर्च साडेनऊ लाख कोटी रुपये. लोकसंख्या १४० कोटी धरली तर पाळण्यातल्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकासाठी वर्षाला एक टन माल दीड हजार किलोमीटरहून लांब नेला जातो. यातला ७० टक्के माल रस्त्यानं जातो आणि त्यासाठी ४० लाख ट्रक धावतात. हाच अहवाल सांगतो की २०५० पर्यंत ट्रकांची संख्या १ कोटी ७० लाखांवर जाईल. आज असलेल्या प्रत्येक ट्रकमागे आणखी तीन. त्यांवर ड्रायव्हर लागतील, आणि पुष्कळशा गाड्यांचे मालक एक-दोन गाडीवालेच असतील, जसे आजही आहेत.

आता नकाशात सिरोंचा बघा. गडचिरोली जिल्ह्याचं अगदी खालचं टोक. प्राणहिता इथं गोदावरीला मिळते, पलीकडच्या काठावर तेलंगणातलं काळेश्वर. पूर्वेला इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. बार्शी-लातूरहून निघालेला ६३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग निजामाबाद, मंचेरियाल, चेन्नूर करत प्राणहितेच्या पुलावरून सिरोंचात शिरतो आणि असरअल्ली, पातागुडमवरून जगदलपूरकडे जातो. साकोलीहून खाली आलेला ३५३ सी गडचिरोली, आलापल्ली करत इथंच पोचतो. नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ. ट्रकवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर तीन राज्यांच्या मधोमध, दोन राष्ट्रीय महामार्गांच्या चौकात बसलेलं गाव, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या धंद्याला मुद्दाम शोधून काढावं असं ठिकाण. इंग्रजांनाही ते तसंच वाटलं होतं. १८६० च्या सुमारास त्यांनी अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा केला आणि त्याचं मुख्यालय सिरोंचाला ठेवलं. गोदावरीतून बोटींनी मध्य प्रांतातला कापूस समुद्रापर्यंत न्यायचा हा बेत होता. सर आर्थर कॉटन त्याचे पाठीराखे. नदीतले खडकाळ अडथळे ओलांडायला कालवे खणायला आणि बंधारे बांधायला घेतले, पैसा ओतला, आणि १८७१ मध्ये काम थांबलं. तीन वर्षांनी जिल्हाही चांदा जिल्ह्यात विलीन झाला. तेव्हापासून इथला माल चाकावरच आहे.

पुढचा हिशेब मी एका मध्यम गाडीवर मांडला आहे. बारा चाकी टिपर, गाडी आणि माल मिळून पासिंग ३५ टन, त्यात रिकामी गाडी अकरा टनांची, म्हणजे माल २४ टन. भाव २०२५ चे, गोळाबेरजेनं धरलेले.

खिशातले दहाएक लाख घालून वर ३५ लाखांचं कर्ज काढलं, व्याज ११ टक्के, मुदत साठ महिने, तर हप्ता ७६ हजार १०० च्या आसपास बसतो. एकूण परतफेड ४५ लाख ६५ हजार, त्यातलं साडेदहा लाखांहून जास्त नुसतं व्याज. विम्यात फक्त थर्ड पार्टीचाच वार्षिक हप्ता ४३ हजार ९५० रुपये. हा दर २०२२ मध्ये ठरला, २० ते ४० टनांच्या गाड्यांसाठी. नॅशनल परमिट वर्षाला साडेसोळा हजार. त्यात गाडीचा स्वतःचा विमा, फिटनेस, वगैरे मिळून महिन्याला दहा हजार धरू. ड्रायव्हर-क्लीनरचा पगार आणि खुराकी चोवीस हजार. गाडी एक इंचही हलली नाही तरी महिन्याला १ लाख १० हजार जाणारच. महिन्यात ४३ हजार २०० मिनिटं असतात. भागाकार केला तर उभी गाडी मिनिटाला अडीच रुपये खाते. रात्री, दिवाळीला, पुरात, वजनकाट्यावरच्या रांगेत, सगळीकडे अडीच रुपये.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो. मालक स्वतःच गाडी चालवत असेल तर तो बहुधा ड्रायव्हरचे पैसे वहीत धरत नाही. “आपलीच गाडी, आपण कशाला पगार घ्यायचा?” घ्यायला हवा. तो धरला नाही तर तोट्यातली गाडी दोन-तीन वर्षं नफ्यातली दिसते आणि तोटा कळतो तेव्हा घरातलं सोनं गेलेलं असतं.

महिन्याला ५ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत डिझेल १ लाख १४ हजारांचं जळतं. टायर, स्प्रिंगचे पाटे, ऑइल, युरिया आणि मेंटेनन्स मिळून किलोमीटरला सात रुपये धरले तर ते ३५ हजार. बेरीज २ लाख ५९ हजार, म्हणजे किलोमीटरला पावणेबावन्न रुपये. गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी असेल तर टनाला दर किलोमीटरमागे ४ रुपये ३१ पैसे भाडं मिळाल्यावर नुसता खर्च निघतो. दोन्हीकडून भरलेली असेल तर २ रुपये १६ पैशांत निघतो. देशाच्या साडेनऊ लाख कोटींना २.२ लाख कोटी टन-किलोमीटरनी भागलं तर सगळी साधनं आणि लहान-मोठ्या गाड्या धरून ४ रुपये ३२ पैसे येतात. एकीकडून रिकामं येणाऱ्या गाडीला देशाच्या सरासरी दरानं भाडं मिळालं तरी हातात काही उरत नाही. मालकाची सगळी कमाई परतीच्या भाड्यात आहे, आणि जंगलाच्या टोकाच्या गावात परतीचं भाडंच सगळ्यात अवघड.

आयकर खात्याचं गणित याच्याशी ताडून बघण्यासारखं आहे. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाला हिशेबाच्या वह्या न ठेवता अंदाजी उत्पन्न दाखवता येतं. बारा टनांवरच्या गाडीला ते टनाला महिना हजार रुपये. आपल्या ३५ टनी गाडीला ३५ हजार. गाडी धावली की उभी राहिली, हा प्रश्न तिथं नाही. पाच हजार किलोमीटरवर हे ३५ हजार खरोखर कमवायचे तर खर्चाच्या वर किलोमीटरला सात रुपये सुटायला हवेत.

आणि हेच सात रुपये आलापल्ली ते सिरोंचा या रस्त्यावर सांडतात. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा, बामणी. कितीतरी पावसाळ्यांत या रस्त्याची चाळण झालेली जिल्ह्यानं पाहिली आहे. खड्ड्यांतून ताशी वीसचा वेग मिळतो, म्हणजे शंभर किलोमीटरला पाच तास. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाला आठ तासांचं काम ठरवून दिलं होतं. त्यातले पाच एवढ्यातच गेले. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाललेली गाडी लिटरला चारऐवजी तीन किलोमीटर देऊ लागली तर डिझेलचा खर्च किलोमीटरला २२ रुपये ७५ पैशांवरून ३० रुपये ३३ पैशांवर जातो. फरक साडेसात रुपयांहून जास्त. महिन्यात या रस्त्यावर दहा फेऱ्या झाल्या, म्हणजे जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर, तर १५ हजार रुपये. एका ड्रायव्हरचा पगार दर महिन्याला खड्ड्यात जातो, आणि मी हा वाक्प्रचार म्हणून लिहीत नाही.

त्यात टायर आहेत. एका टायरला २२ हजार धरले तर बाराचा सेट २ लाख ६४ हजारांचा. तो ८० हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरला ३ रुपये ३० पैसे, पन्नास हजारांतच उतरला तर ५ रुपये २८ पैसे. आणि पाटे आहेत. भरलेली गाडी खोल खड्ड्यात आपटली की मुख्य पाटा मधून तुटतो आणि गाडी एका अंगावर बसते. ड्रायव्हर जॅक लावतो, चेसी आणि ॲक्सलच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घालतो, साखळीनं आवळतो आणि माणसाच्या धावण्याच्या वेगानं गाडी आलापल्लीला आणतो. पाट्याची किंमत, मिस्त्रीची मजुरी, आणि वर मिनिटाचे अडीच रुपये. सव्वा दिवस गेला तर साडेचार हजार नुसत्या उभ्या राहण्याचे.

रस्ता का फुटतो, याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक अखंड फिरवून पाहिले गेले. निष्कर्ष असा की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढते. एक टनाच्या मोटारीच्या ॲक्सलवर अर्धा टन असतो आणि ट्रकच्या ॲक्सलवर दहा टन. वजन वीसपट, झीज वीसच्या चौथ्या घाताइतकी, म्हणजे १ लाख ६० हजारपट. ट्रकचा एक ॲक्सल एकदा जातो तेव्हा रस्त्याला मोटारीचे दीड लाखाहून जास्त ॲक्सल गेल्यासारखं वाटतं. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वजन वाढलं तेरा टक्क्यांच्या आत, पण त्याच नियमानं झीज वाढली साठ टक्क्यांहून जास्त. वीस टक्के ओव्हरलोड भरला तर झीज दुप्पट. ओव्हरलोड भरणारा मालक आज चार-पाच हजार जादा कमावतो आणि पुढच्या पावसाळ्यात तेच पैसे पाट्यांना आणि टायरांना देतो. फक्त त्याच्याबरोबर तो रस्ता वापरणारी एसटी, रुग्णवाहिका आणि शाळेची पोरंही ते देतात.

सगळे ओव्हरलोड लोभानं होत नाहीत, हेही तितकंच खरं. सिरोंचाच्या घाटांवरची रेती घ्या. आपल्याकडे रेती ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पाच ब्रास कोरडी रेती साडेबावीस टनांच्या आसपास भरते, म्हणजे आपल्या २४ टनांच्या मर्यादेत बसली. पण नदीतून नुकतीच काढलेली रेती कोरडी नसते. ओल्या रेतीचं वजन घनमीटरला १.९ टनांपर्यंत जातं आणि तेच पाच ब्रास सत्तावीस टनांना टेकतात. काट्याच्या पावतीवर तीन आकडे छापून येतात, भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि निव्वळ माल. ड्रायव्हर वाचतो तो तिसरा आणि त्याच्या पोटात गोळा येतो, कारण व्यापारी ब्रासवर पैसे देतो आणि आरटीओ टनावर दंड लावतो. दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. तीन टन पाण्याचे २६ हजार रुपये. घाटावर तासभर गाडी तिरकी उभी करून पाणी निथळू द्यायला दीडशे रुपयांचा वेळ लागतो. जाणते ड्रायव्हर हे करतात, आणि मागून हॉर्न वाजवणारे त्यांना शिव्या घालतात.

मे महिन्यात याच टिपराशेजारी लाकडी डाल्याची गाडी उभी असते ती तेंदूपत्त्याची. तिथं उलटं गणित. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा आणि बोद हजार पुड्यांचा, म्हणजे एका बोदात ७० हजार पानं. दोनशे बोद चढले की गाडीत १ कोटी ४० लाख पानं असतात, आणि त्यातलं प्रत्येक पान कुणाच्या तरी बोटांनी खुडलेलं, मोजलेलं, बांधलेलं असतं. वजनाची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी डाला भरतो, ताडपत्री वर चढते आणि रस्से आवळले जातात. रेतीत वजन आधी संपतं, पानांत जागा आधी संपते. एकच गाडी दोन्ही कामांना पुरत नाही, आणि कर्ज घेताना हा प्रश्न विचारायचा असतो: बाराही महिने भरायला आपल्याकडे काय आहे?

गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातल्या पुष्कळांनी त्याचं एकच उत्तर दिलं, सुरजागड. एटापल्ली तालुक्यातल्या त्या लोहखनिजाच्या खाणीला २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांची मंजुरी मिळाली. हा सगळा माल तीस-तीस टनांच्या गाड्यांनी काढायचा ठरला तर रोज ९१३ भरलेल्या गाड्या लागतात. रिकाम्या परतणाऱ्या धरल्या तर १ हजार ८२६. चोवीस तास, रविवार न धरता, दर ४७ सेकंदांना एक ट्रक. दोन ट्रकांच्या मध्ये रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला एवढाच अवधी. आष्टी-आलापल्ली पट्ट्यातल्या लोकांनी या वाहतुकीविरुद्ध रस्त्यावर बसून आवाज उठवला तो उगीच नाही. २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. खनिज बारीक दळून पाण्यात कालवायचं आणि नळातून ढकलायचं. क्षमता वर्षाला १ कोटी टन. म्हणजे वर मोजलेली सगळी रांग एका नळात मावते. गावांसाठी मला ही बातमी चांगलीच वाटते. पण खाण कायमची गाड्या मागत राहील या भरवशावर ज्यांनी साठ हप्ते बांधून घेतले, त्यांच्या दारात फायनान्सवाला उभा राहणार, आणि त्यांच्याशी कुणी आधी बोललं होतं का, हा प्रश्न मला सतावतो.

या जिल्ह्यात गाडीवर आणखी एक जोखीम होती. २३ डिसेंबर २०१६ रोजी सुरजागडला नक्षलवाद्यांनी ऐंशीच्या आसपास गाड्या पेटवल्या. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहनं जाळली, आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलिसांबरोबर त्यांच्या खाजगी गाडीचा ड्रायव्हरही गेला.  दोन घटनांत शंभराहून अधिक गाड्यांची राख झाली. थर्ड पार्टी विम्यात मालकाला स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. दहशतवादी कृत्यानं झालेलं नुकसान संपूर्ण पॉलिसीत येतं. विम्याचा हप्ता वाचवायला निघालेल्या मालकानं ४५ लाखांची गाडी ४४ हजारांच्या कागदावर उभी केलेली असते.

पाण्याचंही तसंच. जुलै २०२२ च्या पुरात मेडीगड्डा बंधाऱ्यापाशी गोदावरीतून सुमारे २८ लाख क्युसेक पाणी वाहिलं. म्हणजे सेकंदाला सात कोटी नव्वद लाख लिटर, किंवा वीस हजार लिटरचे जवळजवळ चार हजार टँकर, दर सेकंदाला. त्या दिवसांत सिरोंचाचे रस्ते तुटले आणि गाड्या जिथल्या तिथं थांबल्या. आठवडाभर उभ्या गाडीचे पंचवीस हजार रुपये. हप्त्याची तारीख पूर पाहत नाही.

एवढं सगळं मांडूनही मी या धंद्याच्या विरोधात नाही. इथं शेती पावसावर, कारखाना लांब, मिरची तोडायला पोरं पुलापलीकडे जातात. त्यांच्यापुढे स्वतःच्या नावावर गाडी होणं ही मोठी गोष्ट आहे, आणि साठ महिने निभावले तर आकडे एकदम बाजू बदलतात. एकसष्टाव्या महिन्यात ७६ हजारांचा हप्ता गळतो. स्थिर खर्च १ लाख १० हजारांवरून ३४ हजारांवर येतो. उभी गाडी मिनिटाला अडीच रुपयांऐवजी ७९ पैसे खाते. आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांतून एकदाच, इंजिन नीट सांभाळलं असेल तर त्यात अजून पुष्कळ जीव. इथं बहुतेक मालक दुसरी गाडी घेतात. हप्ता पुन्हा ७६ हजार, पण आता दोन गाड्यांचा मिळून मिनिटाचा खर्च ३ रुपये ३३ पैसे. पहिल्या गाडीला एकटीला अडीच लागत होते. एका भाड्याला दोन गाड्या देता येतात, एक पाट्यासाठी उभी असली तरी दुसरी चालते, ट्रान्सपोर्टवाला फोन आधी करतो.

दुसऱ्या गाडीला ड्रायव्हर मात्र दुसरा लागतो. तो बहुतेक वेळा पहिल्या गाडीवर पाच वर्षं क्लीनर म्हणून बसलेला पोरगाच असतो. टायर कसा वाजतो, कुठल्या खड्ड्याला गाडी कशी घालायची, काट्यावर काय वाचायचं, हे त्याला येत असतं. नसतं ते लायसन. आधी हलक्या वाहनाचं काढा, वर्षभर थांबा, मग जड वाहनाचं शिकाऊ, मग परीक्षा. एमएच ३३ चं कार्यालय गडचिरोलीला, सिरोंचाहून दोनशे वीस किलोमीटर. अहेरीत किंवा तालुक्याला शिबिर लागलं तर बरं, नाहीतर प्रत्येक कामाला जाऊन-येऊन चारशे चाळीस किलोमीटर आणि दोन दिवसांची मजुरी बुडालेली. हा खर्च मालकानं उचलावा आणि त्याची सुरुवात गाडीच्या पहिल्याच वर्षी करावी. आरटीओनंही सिरोंचाला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला शिबिर लावावं, पावसाळ्यातसुद्धा.